सोलापूरची सहल ठरवताना: आधी वार, मग दिशा, मग खोली

आमच्या घरी वर्षातून पाच-सहा वेळा तरी असा फोन येतो. "शनिवारी सकाळी उतरतो. सोलापूर बघतो, अक्कलकोट करतो, गाणगापूर करतो, तुळजापूर करतो, जमलं तर पंढरपूर, आणि रविवारी रात्री गाडी." फोनवर मी समजावतो, पण तिकिटं काढून झालेली असतात, खोलीचे पैसे भरलेले असतात. मग ही मंडळी दोन दिवस गाडीत बसून काढतात. तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ संध्याकाळच्या उजेडात बघायचं राहतं, किल्ल्याचं दार बंद झाल्यावर तिथे पोचतात आणि चादर स्टेशनजवळच्या पहिल्या दिसेल त्या दुकानातून घेऊन जातात.

चूक ठिकाणं निवडण्यात होत नाही, क्रमात होते. बहुतेक जण आधी खोली घेतात, मग ठिकाणांची यादी करतात आणि वार कोणता आहे हे तिथे रांगेत उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात येतं. हा क्रम उलटा करायचा. खाली दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. मधली एखादी गाळली तर पुढची अडते.

१. तारीख धरण्याआधी पंचांग उघडा

सोलापूर आणि आजूबाजूची गर्दी रविवारच्या सुट्टीवर चालत नाही, ती देवाच्या वारावर चालते. त्यामुळे तिकिटाआधी कालनिर्णय समोर ठेवा आणि पुढच्या गोष्टी तपासा.

अक्कलकोटला गुरुवारी गर्दी असते. गुरुपौर्णिमा, दत्तजयंती, चैत्रातला स्वामी समर्थांचा प्रकटदिन आणि पुण्यतिथी या दिवशी तर विचारायलाच नको. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा हे मोठे दिवस, शिवाय अख्खं नवरात्र. पंढरपूरला आषाढी-कार्तिकी आणि इतर एकादशा. सोलापुरात सिद्धेश्वराच्या देवळात श्रावणी सोमवारी सकाळपासून रांग असते.

म्हणजे दोन-तीन दिवसांच्या सहलीला सर्वात सोयीचे वार कुठले? माझ्या मते सोमवार आणि बुधवार, श्रावण सोडून. शनिवार चालतो. रविवारी तुळजापूर करायचं असेल तर रांगेला अर्धा दिवस गेला असं धरूनच बेत करा.

कोजागरीचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यात माणसं दरवर्षी अडकतात. कोजागरीला सोलापूर आणि आसपासच्या गावांतून हजारो लोक तुळजापूरला पायी जातात. रात्रभर रस्ता माणसांनी भरलेला असतो आणि त्या काळात सोलापूर-तुळजापूर मार्गावरची वाहतूक दुसरीकडे वळवतात. गाडी घेऊन त्या दिवशी तुळजापूरला निघू नका. पायी जायचं असेल तर मात्र तोच दिवस निवडा. चांदण्यात चालणारी ती माणसं, वाटेवर जागोजागी चहा आणि पाणी देणारे लोक, ते एकदा अनुभवावं असंच आहे.

जानेवारीची गड्ड्याची जत्रा. सिद्धेश्वर यात्रेचा मुख्य भाग संक्रांतीला धरून असतो. भोगीच्या आदल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, भोगीला सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा (प्रतीकात्मक लग्न), संक्रांतीला होमप्रदीपन आणि किंक्रांतीला शोभेचं दारूकाम. मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं तोलत नेतात तेव्हा गावातले बरेच रस्ते बंद असतात. होम मैदानावरचे पाळणे आणि दुकानं पुढेही बरेच दिवस चालतात.

इथे दोनच मार्ग आहेत. जत्रा बघायचीच असेल तर खोली महिना-दीड महिना आधी घ्या आणि त्या दिवसांत बाहेरगावचं काहीच ठरवू नका. जत्रा बघायची नसेल तर १२ ते १७ जानेवारी सरळ टाळा. माझा एक मावसभाऊ कुटुंबासह भोगीच्या दिवशी आला. फोनवर खोली "ठेवलीय" असं सांगणाऱ्या एका लॉजवाल्याने ती आदल्या रात्रीच दुसऱ्याला दिली होती. पैसे भरलेले नाहीत, पावती नाही, म्हणून बोलायलाही जागा नव्हती. सहा माणसं आमच्या दोन खोल्यांत राहिली. आम्हाला आनंदच झाला, पण ज्यांचं इथे कुणी नाही त्यांनी काय करायचं?

आणि ऋतू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि दिवसभर खाली उतरत नाही. उन्हाळ्यातच यायचं झालं तर सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ५ नंतर एवढाच फिरण्याचा वेळ धरा.

*इथे थांबून तपासा:* निवडलेल्या तारखांवर कोणता वार, कोणती तिथी, कुठली यात्रा आहे हे कागदावर लिहिलं का? लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. एका दिवशी एकच दिशा

सोलापूर मध्यभागी ठेवून नकाशा बघा. अक्कलकोट आग्नेयेला, सुमारे ४० किलोमीटर. तुळजापूर उत्तरेला, सुमारे ४५. नळदुर्गचा किल्ला हैदराबादच्या रस्त्यावर, साधारण तेवढाच लांब. पंढरपूर पश्चिमेला, ७० ते ७५. विजापूर दक्षिणेला, सुमारे १००. गाणगापूर कर्नाटकात, अक्कलकोटच्याही पुढे, तेही शंभराच्या घरात. प्रत्येक ठिकाण वेगळ्या दिशेला आहे आणि सोलापूर मधे. पंढरपूर आणि गाणगापूर एका दिवसात म्हणजे गाव ओलांडून दोन टोकांना जाऊन येणं.

एकाच दिशेत किंवा एकाच वळशात बसणाऱ्या जोड्या अशा:

- अक्कलकोट, नळदुर्ग, तुळजापूर: गोल फेरी, दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तरच.
- अक्कलकोट आणि गाणगापूर: पूर्ण दिवस, त्यात तिसरं काही घालायचं नाही.
- हत्तरसंग कुडल (नदीसंगमावरची जुनी देवळं): अर्धा दिवस, दक्षिण सोलापूर तालुक्यात.
- नान्नज (माळढोक अभयारण्य): पहाटेचा अर्धा दिवस, बार्शी रस्त्यावर.
- पंढरपूर: स्वतंत्र दिवस. पुणे-मुंबईकडून येणाऱ्यांनी ते जाता-येता वाटेत घ्यावं, सोलापुरातून उलटं जाऊ नये.
- विजापूर: स्वतंत्र दिवस, तोही पहाटे निघून.

दोन रात्री असतील तर एक दिवस शहर आणि एक दिवस एक जोडी. तीन रात्री असतील तर त्यात आणखी एक दिशा. शहराचा दिवस कापून बाहेरचा वाढवू नका. "सोलापुरात बघण्यासारखं काय आहे" असं विचारणारे सगळे तो दिवस कापणारेच असतात.

३. खोली

आता खोली. दिशा ठरल्यावर भाग आपोआप ठरतो.

*स्टेशनजवळ:* रेल्वेने येऊन रेल्वेनेच जाणाऱ्यांना, एका रात्रीसाठी. लॉज स्वस्त असतात, पण खोल्यांचा दर्जा दारागणिक बदलतो. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

*सात रस्ता, रेल्वे लाइन्स, होटगी रोड:* कुटुंबासाठी मी हाच भाग सुचवतो. रात्री उशिरापर्यंत रिक्षा मिळते, जेवायला ठिकाणं आहेत, किल्ला आणि तळं जवळ आहेत.

*पुणे नाक्याकडचा आणि महामार्गालगतचा भाग:* गाडी घेऊन येणाऱ्यांना. गाडी लावायला जागा मिळते, तुळजापूर-नळदुर्गकडे निघणं सोपं जातं. पण गाडी नसेल तर दरवेळी गावात यायला रिक्षा करावी लागते.

*अक्कलकोटचं भक्तनिवास:* सहल मुख्यतः स्वामींच्या दर्शनासाठी असेल तर सोलापुरात राहूच नका. देवस्थानच्या आणि अन्नछत्र मंडळाच्या निवासांत स्वच्छ खोली माफक दरात मिळते आणि पहाटेचं दर्शन शांतपणे होतं. गुरुवार आणि उत्सवाचे दिवस सोडून जा.

खोली घेण्याआधी फोनवर विचारायचे प्रश्न. यातला एकही सोडू नका:

"खोली चोवीस तासांच्या हिशेबाने आहे की दुपारी बाराच्या?" हा पहिला प्रश्न. मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी लवकर सोलापुरात पोचते. बारा वाजताच्या हिशेबाची खोली असेल तर सकाळी सातला आलेल्या माणसाला पाच तास बाकावर बसावं लागतं किंवा आदल्या दिवसाचं भाडं द्यावं लागतं. उलट वंदे भारतने येणारे रात्री उशिरा उतरतात. त्यांनी विचारायचं, "रात्री अकराला आलो तर दार उघडं असेल ना? कोण असेल?"

"पाणी कसं आहे?" सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. गावातली माणसं टाक्या भरून ठेवून दिवस काढतात. हॉटेलांची स्वतःची सोय असते, बोअर किंवा टँकर, पण लहान लॉजमध्ये उन्हाळ्यात ती कमी पडते. गरम पाणी दिवसभर आहे की सकाळी ठरावीक वेळेतच, हेही त्याच दमात विचारा.

"लिफ्ट आहे का?" देवदर्शनाला निघालेल्या कुटुंबात आजी-आजोबा असतातच.

"बुकिंगचा मेसेज पाठवता का?" नाव, तारीख, किती माणसं, भरलेले पैसे, सगळं लेखी. माझ्या मावसभावाची गोष्ट आठवा.

*धोका:* स्टेशनबाहेर "साहेब, रूम, स्वस्तात" म्हणत मागे येणाऱ्यांबरोबर जाऊ नका. त्यांचं कमिशन तुमच्याच भाड्यात मिळवलेलं असतं.

४. येताना होणारी एक मोठी चूक

रेल्वेचं तिकीट काढताना "अक्कलकोट रोड" हे स्टेशन दिसतं आणि लोक तिथलं तिकीट काढतात. ते स्टेशन अक्कलकोट गावापासून दहा-अकरा किलोमीटर लांब आहे. थोड्याच गाड्या थांबतात आणि रात्री उतरलात तर वाहन मिळायची खात्री नाही. गाणगापूर रोड स्टेशनचंही तसंच, गावापासून ते आणखी लांब. सोलापुरात उतरा आणि एसटीने किंवा गाडीने जा. सोलापूर स्थानकातून अक्कलकोट आणि तुळजापूरसाठी दिवसभर गाड्या सुटत असतात.

त्यात सोलापुरातल्या एका रस्त्यालाही अक्कलकोट रोडच म्हणतात आणि त्यावरच्या एमआयडीसीत चादरीचे कारखाने आहेत. रिक्षावाल्याला नुसतं "अक्कलकोट रोड" म्हणालात तर तो तिथे नेईल. "अक्कलकोट रोड एमआयडीसी" की "अक्कलकोट गाव", स्पष्ट सांगा.

रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँड एकमेकांना लागून नाहीत. सामान असेल तर रिक्षा करा आणि बसण्याआधी भाडं ठरवा. आधी हॉटेलमध्ये फोन करून "स्टेशनपासून रिक्षाला किती देतात?" एवढं विचारून घेतलं की बोलणं लवकर संपतं. रिक्षावाल्याला "मामा" म्हणा. तो आपल्या मित्राशी बोलताना "काय बे" म्हणाला तर ते भांडण समजू नका. "बे" ही इथली आपुलकी आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा एका चौकात ऐकू येतील, पण मराठीत सगळीकडे भागतं.

५. शहराचा दिवस, तासाच्या हिशेबाने

*सकाळी साडेसहा ते साडेआठ: सिद्धेश्वर मंदिर.* चारी बाजूंनी तळं आणि मधे देऊळ. सकाळी लवकर गेलात तर पाणी संथ असतं आणि आवारात योगसमाधीजवळ पाच मिनिटं बसायला मिळतं. दुपारी इथे यायची चूक फार लोक करतात. चपला बाहेर काढल्यावर फरशी इतकी तापलेली असते की लहान मुलं रडायला लागतात. दुपारीच यावं लागलं तर जुने सुती मोजे पिशवीत ठेवा.

*त्यानंतर लगेच: भुईकोट किल्ला.* तळ्याच्या काठालाच आहे. वेगळी रिक्षा नको, वेगळा दिवसही नको. देऊळ सकाळी, किल्ला संध्याकाळी असं तोडलं की एक तरी राहतं. आत बाग आहे म्हणून बहुतेक जण बागेत बसून परत जातात. तसं करू नका. दुहेरी तटबंदी आहे, बाहेरच्या आणि आतल्या तटामधून चालत जा, बुरुजावर चढा. तिथून तळं आणि देवळाचं शिखर एका नजरेत दिसतं. आत जुन्या देवळाचे दगडी अवशेष आहेत. खांबांवरचं कोरीव काम जवळून बघा, त्यावर बसून फोटो काढू नका. सावली कमी आहे. पाण्याची बाटली, टोपी आणि तळ न घसरणारी चप्पल हवी.

*साडेदहानंतर: सावलीतली ठिकाणं.* भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. त्यांचा जन्म सोलापूरचा, १९१० सालचा. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करताना १९४२ मध्ये ते गेले. त्यांचं घरच स्मारक म्हणून जपलं आहे. मुलं बरोबर असतील तर हे चुकवू नका. महापालिकेची इंद्रभुवन ही इमारत बाहेरून का होईना नीट बघा, वरच्या मजल्यांच्या नक्षीपर्यंत मान वर करून. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांचे पुतळे शहरात आहेत. १२ जानेवारी १९३१ ला त्यांना येरवड्यात फाशी दिली. तिथून जाताना रिक्षा दोन मिनिटं थांबवा.

मुलं लहान आणि ऊन कडक असेल तर पुणे रस्त्यावर केगावजवळचं विज्ञान केंद्र हा दुपारचा चांगला पर्याय. निघण्याआधी सुट्टीचा वार विचारून घ्या. हे सगळ्याच संग्रहालयांना लागू आहे.

*दुपारी १ ते ४:* जेवण आणि झोप. ही चैन समजू नका. सोलापूरच्या उन्हात दुपारी फिरणारा माणूस संध्याकाळी कामाचा राहत नाही.

*संध्याकाळी ५ नंतर:* विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव, जुनी माणसं त्याला कंबर तलाव म्हणतात. हिवाळ्यात पक्षी असतात. मग अंधार पडताना पार्क चौपाटी, म्हणजे खाण्याच्या गाड्यांची जागा.

*इथे थांबून तपासा:* उद्याच्या गाडीच्या चालकाशी बोलणं झालं का? भाडं किलोमीटरवर की ठरावीक, टोल कोणाचा, चालकाचं जेवण कोणाकडे, हे आज रात्रीच ठरवा. सकाळी सहा वाजता रस्त्यावर उभं राहून ठरवायची ही गोष्ट नाही.

६. बाहेरचा दिवस

अक्कलकोट-नळदुर्ग-तुळजापूर ही फेरी याच क्रमाने घ्या.

सकाळी सहाला निघा. सातच्या सुमारास अक्कलकोट. आधी वटवृक्ष मंदिर, मग समाधी मठ. बरेच जण वटवृक्षाचं दर्शन घेऊन मागे फिरतात आणि समाधी मठ राहून गेला हे घरी गेल्यावर कळतं. दोन्ही ठिकाणं वेगवेगळी आहेत, गावातच आहेत, चालत जाता येतं. अक्कलकोटच्या नव्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघण्यासारखं आहे. उघडं असेल तर अर्धा तास द्या.

अन्नछत्राचा महाप्रसाद दुपारी घ्यायचा असेल तर फेरीतलं नळदुर्ग किंवा तुळजापूर यातलं एक सोडावं लागेल. मी नळदुर्ग सोडेन, तेही पावसाळा नसेल तरच.

नळदुर्गचं वेळापत्रक पावसावर आहे. बोरी नदीवर किल्ल्याच्या आतच बंधारा आहे, त्याच्या पोटात पाणीमहाल. नदीला भरपूर पाणी असतं तेव्हा बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि खाली महालाच्या खिडकीत उभं राहिलं की पाण्याचा पडदा समोरून पडताना दिसतो. पण हे पावसाळ्यात, चांगला पाऊस झाल्यावर. मार्चमध्ये धबधब्याच्या आशेने येणारे कोरडा दगड बघून नाराज होतात. निघण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारा, "सांडव्यावरून पाणी चालू आहे का?" नसेल तर किल्ला म्हणून बघा, तो मोठा आहे, दोन तास लागतात.

*धोका:* पाणी वाहत असताना पाणीमहालाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. मुलांचा हात सोडू नका, कठड्यावर चढून फोटो नको.

तुळजापूर शेवटी, दुपारी उशिरा. गाडी वर लावून पायऱ्या उतरायच्या असतात, परत चढायच्या असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्या. दर्शनाची रांग, पास आणि मुखदर्शन यातलं काय घ्यायचं ते आत शिरण्याआधी ठरवा. कुटुंबातले निम्मे एका रांगेत आणि निम्मे दुसऱ्या रांगेत शिरले की दोन तास एकमेकांना शोधण्यात जातात. चुकामूक झाली तर कुठल्या खांबाशी किंवा दुकानाशी भेटायचं हे बोलून ठेवा. गर्दीत फोनवर बोलणं नीट ऐकू येत नाही.

ज्यांना गर्दीच नको त्यांच्यासाठी हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना यांचा संगम, काठावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन जुनी देवळं. हरिहरेश्वराकडचं शिवलिंग शेकडो छोट्या मुखांचं आहे, ते जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि संगमेश्वराच्या मंडपात वर मान करा. तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख कोरलेला आहे. मराठीच्या सर्वात जुन्या लेखांत त्याची गणना होते. माणसं नदीकाठी डबा खातात, देवाला नमस्कार करतात आणि या ओळींच्या खालून निघून जातात. सकाळचा तिरपा उजेड असताना अक्षरं उठून दिसतात, म्हणून नऊच्या आत पोचा. फोनचा दिवा बाजूने धरला तरी खोदलेल्या रेघा कळतात. दगडाला खडू किंवा पाणी लावू नका. आपल्या भाषेची हजार वर्षांपूर्वीची अक्षरं डोक्यावर आहेत, हे ज्याला समजलं त्याचा हात आपोआप मागे येतो.

तिथे हॉटेल मिळेल या भरवशावर जाऊ नका. पाणी, डबा आणि गाडीत पुरेसं इंधन घेऊन निघा. नदीत उतरू नका, वाळूखाली खोल खड्डे असतात.

नान्नजबद्दल थोडक्यात. माळढोक पक्ष्याचं अभयारण्य म्हणून नाव आहे, पण माळढोक आता अतिशय दुर्मीळ झाला आहे. तो दिसेलच असं मनात धरून जाऊ नका. काळविटांचे कळप दिसतात, गवताळ माळावरचे पक्षी दिसतात. सूर्य उगवायच्या आत पोचा, भडक कपडे नकोत, वनखात्याची परवानगी आधी घ्या.

७. काय खायचं, कधी खायचं

दुपारी भाकरीचं जेवण घ्या. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, दही, कांदा. मांसाहारी असाल तर मटण-भाकरी. रस्सा तिखट असतो, सवय नसेल तर आधीच "कमी तिखट" सांगा आणि रस्सा वेगळा मागवा. संध्याकाळी पार्क चौपाटीवर पाव-चटणी खा.

हुरडा हवा असेल तर डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी. शेतावरच्या हुरडा पार्टीसाठी आदल्या दिवशी तरी सांगावं लागतं, आयत्या वेळी गेलात तर कणसं भाजून होईपर्यंत दुपार होते. सकाळी लवकर बसा. गरम हुरडा हातावर चोळून, फुंकर मारून लगेच खायचा असतो, थंड झाला की चिवट होतो.

८. चादर घेताना

शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासात चादर घेतली की हमखास फसायला होतं. "सोलापुरी" म्हणून बाहेरून आलेला मालही विकला जातो. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तरी डोळे आणि बोटं वापरायलाच लागतात. शहराच्या दिवशी संध्याकाळी, दिवसाचा उजेड असताना जा. चाटी गल्लीत कापडाची जुनी दुकानं आहेत, अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे कारखान्यांचे विक्री विभाग आहेत. दोन ठिकाणी भाव बघितल्याशिवाय घेऊ नका.

तपासायचा क्रम असा:

आधी चादर उलटी करा. खरी जॅकार्ड चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. वरच्या बाजूला लाल जमिनीवर पांढरं फूल असेल तर खाली पांढऱ्या जमिनीवर लाल फूल येतं. नक्षी नुसती छापलेली असेल तर मागची बाजू फिकट दिसते.

मग घडी उघडून पूर्ण पसरायला सांगा. दुकानदाराला कंटाळा आला तरी सांगा. काठाची वीण, तुटलेले धागे, डाग घडीच्या आतच असतात.

मग वजन. हातात धरून दोन चादरींची तुलना करा. त्याच मापाची चादर हलकी लागली तर वीण विरळ आहे.

शेवटी धागा. कडेचा एखादा सुटा धागा मागून घ्या आणि बाहेर नेऊन जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते.

बिल घ्या, त्यावर "सुती" लिहून घ्या. घरी गेल्यावर पहिली धुलाई वेगळी, थंड पाण्यात. गडद लाल आणि निळ्या रंगाचं पाणी पहिल्या एक-दोन वेळा सुटतं, म्हणून सदऱ्यांबरोबर टाकू नका.

९. परतीची पिशवी

शेंगांची चटणी कुटलेली घ्या, दळलेली नको. ओळखायची खूण: चिमूटभर बोटांत दाबली की तेल सुटतं आणि चटणी गोळा धरते. कोरडी, पिठासारखी सुटी पडली तर दुसऱ्या दुकानात जा. दुकानदार चाखायला देतात, लाजू नका. घरी काचेच्या बरणीत भरा, ओला चमचा घालू नका.

कडक भाकरी कित्येक दिवस टिकते, पण प्रवासात तिचा चुरा होतो. पिशवीत उभी ठेवू नका. घरून येताना एक पसरट स्टीलचा डबा किंवा दोन ताटं आणा, भाकऱ्या त्यात आडव्या रचा आणि वरच्या फटीत नव्या टॉवेलची घडी दाबून बसवा. चादरी खाली आणि डबा त्यांच्या वर ठेवा. गाडीत बॅग बाकाखाली ढकलण्याआधी हा डबा बाहेर काढून मांडीवर घ्या.